आधी नैराश्य सांगितले, आता बायपोलर म्हणतात: पहिले निदान चुकले होते का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. आपल्या एकोणतीस वर्षांच्या धाकट्या भावावर दोन वर्षे नैराश्याचे उपचार चालू होते. गोळी बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो एकाएकी बरा झाल्यासारखा वाटला आणि घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले. पण पुढच्या दहा दिवसांत त्याची झोप तीन तासांवर आली, बोलणे थांबेना, आणि नोकरी सोडून एकदम तीन व्यवसाय सुरू करण्याचा त्याने घाट घातला. आता डॉक्टरांनी बायपोलर विकार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी त्याच्या उलट टोकाचा उन्माद असा आजार, असल्याचे सांगून ती गोळी बंद केली आहे व मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध सुरू केले आहे. पहिले निदान चुकले होते का, ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतील का, आणि मन तर सगळ्यांचेच वरखाली होते, मग त्याला आजार का म्हणायचे, असे आपले तीन प्रश्न आहेत.

भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्याच्या औषधांबाबत अंतिम शब्द त्याच्या डॉक्टरांचाच राहील. पण मनःस्थितीच्या विकारांच्या रुग्णांवर मी बावीस वर्षे उपचार करीत आले आहे, आणि आपले तिन्ही प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकावे लागतात. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोघांची उत्तरे त्याच्यावरच उभी आहेत.

दुःख, निराशा, उत्साह, चिडचिड हे सारे निरोगी मनाचेच व्यवहार आहेत. निरोगी मनाचे दुःख कितीही खोल असले तरी त्याला बाहेरच्या जगाची दारे उघडी असतात. जवळचे माणूस भेटले, काम मार्गी लागले, चार रात्री नीट झोप झाली की ते थोडे तरी सैल होते. नैराश्याच्या आजारात ही दारेच बंद होतात. चांगली बातमी कानावर पडते, ती चांगली आहे हे कळतेही, पण आत काही हलत नाही. एका रुग्ण बाईंनी मला सांगितले होते की सकाळी एका पायात मोजा घालून त्या पलंगाच्या कडेला चाळीस मिनिटे बसून राहिल्या, कारण दुसरा मोजा घालण्याइतके बळ कुठून आणावे हे त्यांना समजेना. त्यांना रडू येत नव्हते, कसला ठळक विचारही मनात नव्हता. नैराश्य म्हणजे फार रडणारा माणूस अशी जी समजूत असते, ती या मोज्यापाशी कोलमडते.

म्हणूनच निदान करताना आम्ही केवळ ‘उदास वाटते का’ एवढे विचारून थांबत नाही. पहाटे तीन-चार वाजता जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही का, सकाळ सर्वांत जड आणि संध्याकाळ त्यामानाने हलकी जाते का, भूक आणि वजन बदलले का, हालचाल व बोलणे मंदावले का, लक्ष लागते का, जुन्या क्षुल्लक चुकांचे अपराधीपण नव्याने पोखरते का, मरणाचे विचार येतात का, हे सारे विचारतो. प्रचलित निकषांनुसार अशा नऊ लक्षणांपैकी किमान पाच, आणि त्यांत उदासी किंवा कशातही रस न वाटणे यांपैकी एक तरी, सलग दोन आठवडे बहुतेक दिवस आणि दिवसाचा बहुतेक वेळ असावे लागते, व त्यामुळे रोजचे जगणे अडलेले असावे लागते. दोन आठवड्यांची ही सीमा निसर्गाने आखलेली नाही, ती तज्ज्ञांनी ठरवलेली आहे. पण तिचा हेतू योग्य आहे. एका वाईट दिवसावरून कोणालाही आजारी ठरवले जाऊ नये.

दुसऱ्या टोकाला मॅनिया, म्हणजे उन्माद. इथेही ‘आनंद’ हा शब्द फसवा आहे. कित्येक रुग्ण या अवस्थेत आनंदी नसतात, भयंकर चिडलेले असतात. विचारांचा वेग वाढतो, एक वाक्य संपण्याआधी दुसरे सुरू होते, आपल्याला काहीही अशक्य नाही असे वाटू लागते, पैसा, वाहनाचा वेग, लैंगिक व्यवहार यांत एरवीचा संयम सुटतो. अशी अवस्था एक आठवडा टिकली, किंवा तिच्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तो मॅनिया. हीच लक्षणे सौम्य असतील, किमान चार दिवस टिकतील, इतरांना बदल दिसेल पण व्यवहार कोलमडणार नाहीत, तर तो हायपोमॅनिया. आयुष्यात एकदा जरी मॅनिया झाला तरी निदान बायपोलर एक होते. हायपोमॅनिया आणि नैराश्य अशी जोडी असेल तर बायपोलर दोन. दुसरा प्रकार सौम्य आहे असे नावावरून वाटते, पण त्यातले नैराश्य बहुधा अधिक लांबते आणि आत्महत्येचा धोकाही कमी नसतो.

या सगळ्यांत मी सर्वांत जास्त भरवसा ठेवते तो झोपेवर. झोप न लागणे आणि झोपेची गरजच न वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिंतेने किंवा नैराश्याने जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी गळून गेलेला असतो. उन्मादाकडे निघालेला माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो. आपण लिहिले आहे की भाऊ तीन तास झोपत असे आणि ‘इतके टवटवीत कधीच वाटले नव्हते’ असे म्हणत असे. आपल्या साऱ्या पत्रातले माझ्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. ज्या दिवशी भाऊ पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेला, त्या दिवशी त्याला नैराश्यच होते. बायपोलर विकाराची सुरुवात फार वेळा नैराश्यानेच होते, आणि त्या नैराश्यावर ‘मी बायपोलर आहे’ अशी चिठ्ठी डकवलेली नसते. रक्ताची अशी कोणतीही तपासणी नाही, मेंदूचे असे कोणतेही चित्र नाही, की जे पाहून हे नैराश्य एकध्रुवी (निव्वळ नैराश्याचे) की द्विध्रुवी (बायपोलरचे) हे सांगता यावे. थायरॉईड वगैरेच्या तपासण्या आम्ही करतो, त्या मनाच्या तक्रारींमागे शरीराचा दुसरा आजार नाही ना हे पाहण्यासाठी. निदानाचे खरे साधन काळ हेच आहे. आजचा मूड कसा आहे यावरून हे विकार ओळखता येत नाहीत. महिन्यांची आणि वर्षांची रेषा कशी गेली, ते पाहावे लागते.

ही काही माझी वैयक्तिक धारणा नाही, या विकाराचा शोधच असा लागला आहे. फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर फालरे यांनी १८५४ मध्ये ‘चक्राकार वेड’ असे वर्णन केले, त्याचा पाया असा की तोच माणूस कधी खिन्न, कधी उन्मत्त आणि मधल्या काळात ठीक असतो हे त्यांनी दीर्घकाळ पाहिले. जर्मनीतले एमिल क्रेपेलिन एकेका रुग्णाच्या आजाराची वाटचाल वर्षानुवर्षे नोंदवत, आणि १८९९ मध्ये त्यांनी उन्माद-नैराश्याचा आजार आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्यापासून वेगळा काढला, तो त्या दिवशीच्या लक्षणांवरून नव्हे तर आजार पुढे कसा जातो यावरून. पुढे १९५७ मध्ये कार्ल लेओनहार्ड यांनी केवळ नैराश्याचे झटके येणारे आणि दोन्ही टोके गाठणारे असा भेद केला. एकध्रुवी आणि द्विध्रुवी हे शब्द तिथून रुळले.

काळ हे साधन असल्यामुळे उशीरही होतो. लक्षणे सुरू झाल्यापासून बायपोलरचे योग्य निदान होईपर्यंत कित्येक वर्षे जाणे हे जगभर सर्रास आढळते. त्यामागे एक कारण असे की हे रुग्ण वर कमी आणि खाली जास्त असतात. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत पहिल्या प्रकारचे रुग्ण सुमारे एक तृतीयांश आठवडे नैराश्यात आणि त्यामानाने फार थोडे आठवडे उन्मादात असल्याचे दिसले. दुसऱ्या प्रकारात तर जवळजवळ निम्मा काळ नैराश्याचा आणि हायपोमॅनियाचा वाटा शंभरात एक-दोन आठवड्यांचा. साहजिकच माणूस डॉक्टरकडे येतो तो खाली असताना. वर असताना कोण येईल? आणि जे दिवस ‘छान गेले’ म्हणून आठवतात, ते आजारात कोण मोजेल?

एक प्रसंग सांगते. एका तरुणाला मी पहिल्या भेटीत नेहमीचा प्रश्न विचारला होता, की आयुष्यात असे चार-पाच दिवस कधी आले होते का, जेव्हा झोप कमी होऊनही थकवा नव्हता आणि एरवीपेक्षा फार वेगळे वागणे झाले. त्याने शांतपणे नाही म्हटले, आणि ते खोटे नव्हते, त्याला तसे खरोखरच आठवत नव्हते. दाराशी उभी असलेली त्याची बहीण हळूच म्हणाली, ‘आणि परीक्षेनंतरचा तो आठवडा? रात्री दोनला सगळ्या घराला रंग द्यायला काढला होतास.’ तो तिच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘तेव्हा तर मी खूश होतो.’ त्या दिवसापासून रुग्णाच्या संमतीने घरातल्या एका माणसाशी बोलल्याशिवाय मी नैराश्याचे निदान पक्के करीत नाही.

काही खुणा मात्र आधीपासून सावध करतात. पंचविशीच्या आत सुरू झालेले आणि पुन्हापुन्हा येणारे नैराश्य, जवळच्या नात्यात बायपोलर विकार असणे, बाळंतपणानंतर लगेच उसळलेला आजार, नैराश्यात भास किंवा भ्रम होणे, खूप झोप आणि खूप भूक, आणि नैराश्यविरोधी औषधाने अचानक ‘फारच’ बरे वाटणे. आपल्या भावाच्या बाबतीत शेवटची खूण दिसली आणि डॉक्टरांनी ती ओळखली. त्या गोळीने आजार निर्माण केला असे समजू नका. बहुधा मुळात असलेली प्रवृत्ती तिने उघडी केली. तरी स्टेरॉइड, उत्तेजक पदार्थ, अमली पदार्थ किंवा थायरॉईडचा विकार यांमुळेही उन्मादासारखे चित्र दिसू शकते, म्हणून त्या काळात तो आणखी काय घेत होता हे डॉक्टरांना मोकळेपणी सांगा.

आपण ओझरते विचारले आहे की हे रक्तातून येते का, आपल्या मुलांना होईल का. बायपोलर विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण ६० ते ८५ टक्के निघतो, नैराश्यात तो ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास. पण या आकड्याचा अर्थ ‘इतक्या टक्के मुलांना होणार’ असा नव्हे. ज्याच्या आईवडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला बायपोलर आहे, त्याला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच ते दहा असते, म्हणजे शंभरातल्या नव्वद किंवा अधिक जणांना तो होत नाही. आपल्या मुलांचे नाते त्याहून एक पायरी दूरचे आहे. मेंदूत एखादे रसायन कमी पडले की नैराश्य येते, हे स्पष्टीकरण सोपे असले तरी अपुरे आहे; नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काही तासांत परिणाम करतात आणि माणसाला बरे वाटायला दोन ते चार आठवडे लागतात, एवढ्यावरूनही मधे बरेच काही घडत असले पाहिजे हे कळते. बायपोलरमध्ये शरीराचे घड्याळ विशेष नाजूक असते. रात्रपाळी, काळपट्टे ओलांडणारा लांबचा प्रवास, तान्हे बाळ, परीक्षेची जागरणे, यांतले काहीही एखादा झटका सुरू करायला पुरते.

दुसरा प्रश्न औषधांच्या मुदतीचा. निव्वळ नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करता येते. झटके वारंवार येत असतील तर दोन वर्षे किंवा अधिक. बायपोलरचे गणित वेगळे आहे. उन्मादाचा एक ठळक झटका आला की पुढे आणखी येण्याची शक्यता इतकी मोठी असते की बहुतेक रुग्णांना दीर्घकाळ, आणि अनेकांना कायम, औषध घ्यावे लागते. हे ऐकून मन बसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी रुग्णाकडून आयुष्यभराचे वचन घेत नाही. पुढच्या दोन वर्षांचे बोलते, आणि दोन वर्षांनी आपण दोघे पुन्हा बसून ठरवू असे सांगते.

लिथियमविषयी आपल्या मनात भीती आहे, तेव्हा थोडे विस्ताराने सांगते. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी १९५४ मध्ये त्याची काटेकोर चाचणी घेतली. इतक्या वर्षांनंतरही झटके रोखण्यात ते अग्रभागी आहे, आणि मनःस्थितीच्या विकारांत आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत जितका आधार लिथियमच्या बाजूने आहे तितका क्वचितच दुसऱ्या औषधाच्या बाजूने असेल. त्याची खरी अडचण ही की उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतर थोडे आहे. म्हणून रक्तातली पातळी मोजावी लागते, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. ती बहुधा ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर या मर्यादेत ठेवतात. मूत्रपिंड, थायरॉईड आणि कॅल्शियम यांच्या तपासण्याही ठराविक काळाने होतात.

घरच्यांनी लक्षात ठेवायचे ते असे. उलट्या, जुलाब, ताप, फार घाम यांनी शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमची पातळी चढते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही चढते. हात खूप थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे, गुंगी येणे यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी न देता तातडीने रुग्णालय गाठा. एरवी मात्र ते मनाने एकदम बंद करू नका, कारण अचानक थांबवल्यावर उन्माद उसळून येण्याचा धोका फार असतो. लिथियम सोसले नाही तर व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन असे इतर पर्यायही आहेत. त्यांतले व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करते, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना शक्यतो देत नाहीत. लॅमोट्रिजिन अगदी सावकाश वाढवावे लागते आणि अंगावर पुरळ आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. औषधाच्या जोडीने समुपदेशन हवेच, विशेषतः झोपेची आणि दिनक्रमाची घडी बसवणारे. पण बायपोलरमध्ये ते औषधाची जागा घेऊ शकत नाही, हे मी स्पष्टच सांगते.

आता आपण न विचारलेली एक गोष्ट. निदान झाल्यावर पुष्कळ घरांत रुग्णाच्या प्रत्येक हसण्याकडे संशयाने पाहिले जाते. तो मोठ्याने हसला की ‘गोळी घेतलीस ना?’, आणि गप्प बसला की ‘पुन्हा सुरू झाले का?’ यातून माणसाला स्वतःच्या भावनांवरचा हक्कच गमावल्यासारखे वाटते, आणि कित्येक रुग्ण औषध सोडतात ते औषधाला कंटाळून नव्हे, या पहाऱ्याला कंटाळून. त्याऐवजी तो बरा असताना त्याच्याशी बसून ठरवा की धोक्याच्या खुणा कोणत्या आणि त्या दिसल्या तर कोणी काय करायचे. त्या त्याच्या तोंडून येऊ द्या. माझ्या एका रुग्णाच्या पत्नीने एक साधी वही ठेवली आहे. तीत रोज दोनच गोष्टी असतात, झोपेचे तास आणि एखादी ओळ: ‘साडेसहा तास, नेहमीसारखे.’ ‘सहा तास, भावाशी फोनवर भांडण.’ ‘चार तास, पहाटे सगळे पडदे धुवायला काढले.’ त्या तिसऱ्या ओळीवर तिने मला फोन केला, औषधात थोडा बदल केला, आणि पुढच्या आठवड्यात वही पुन्हा साडेसहावर आली. ती वही रुग्णानेही रोज वाचावी असे त्या दोघांत ठरलेले आहे. लपवून ठेवलेली नोंद ही पाळत होते.

एका बाबतीत मात्र संकोच बाजूला ठेवा. उन्माद ओसरल्यावर फार वेळा नैराश्याची खोल दरी येते. काढलेले कर्ज, सोडलेली नोकरी, दुखावलेली माणसे, हे सारे त्याला एकदम दिसू लागते. काही वेळा दोन्ही अवस्था एकत्र येतात, मन काळवंडलेले आणि अंगात मात्र बेचैन वेग. आत्महत्येच्या दृष्टीने ही मिश्र अवस्था अतिशय धोक्याची असते. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडेही तसेच. अशा वेळी त्याला सरळ विचारा: ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून सुटका वाटल्याचे कित्येकांनी मला सांगितले आहे. उत्तर हो आले तर वाद घालू नका, शपथा घालू नका, त्याला एकटे सोडू नका, घरातल्या गोळ्यांचा साठा आणि इजा करता येईल अशा वस्तू ताब्यात घ्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा तातडीची सेवा गाठा. झालेल्या नुकसानीचा हिशेब सध्या त्याच्यापुढे मांडू नका; तो हिशेब त्याच्या मनात रात्रभर चालू असतो.

पुढच्या भेटीला त्याला चालत असेल तर आपणही सोबत जा. जाण्याआधी आईबरोबर आणि त्याच्या एखाद्या जुन्या मित्राबरोबर बसून, त्याला विचारून, त्याच्या गेल्या दहा-बारा वर्षांची ढोबळ रेषा कागदावर काढा: कोणत्या वर्षी तो खोलीतून बाहेर येत नव्हता, कोणत्या सुट्टीत रात्र रात्र जागून काहीतरी भव्य उभारायला निघाला होता, ते किती दिवस चालले, आधी काय घडले होते, झोप किती होती. अंदाज चुकले तरी हरकत नाही. तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. दोन वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत तो त्यांच्यासमोर नव्हता.